जिवंत माणसाला श्रद्धांजली

पुण्यातील एक निवृत्त बँक कर्मचारी 'सीआयडी' ही मालिका अगदी पहिल्या भागापासून, म्हणजे २१ जानेवारी १९९८पासून निष्ठेने पाहत आले. एसीपी प्रद्युम्न साकारणारे शिवाजी साटम स्वतः एकेकाळी बँकेत नोकरी करत होते, याचे त्यांना विशेष अप्रूप. एप्रिल २०२५च्या प्रारंभी शेजारच्या मुलाने त्यांना भ्रमणध्वनीवर एक चित्र दाखवले. साटम यांचे छायाचित्र, त्याखाली १९९८ ते २०२५ असे जन्म-मृत्यूच्या थाटातले आकडे आणि भावपूर्ण आदरांजली. त्यांनी तत्काळ चष्मा काढला. नट गेला की पात्र गेले, हे उमजायला त्यांना काही क्षण लागले. वाहिनीला नेमके हेच क्षण हवे होते.

बार्बोझा नामक शत्रूने घडवलेल्या बॉम्बस्फोटात प्रद्युम्न मारला गेल्याचे मालिकेने दाखवले. ज्या भागाची मैलाचा दगड म्हणून जाहिरात झाली, तो भाग प्रत्यक्षात पाहणाऱ्यांच्या पदरी मात्र निराशाच पडली. पात्र मरू नये असा कोणत्याही रसिकाचा हट्ट नसतो. आर्थर कॉनन डॉइल यांनी १८९३मध्ये शेरलॉक होम्सला मारले, तेव्हाही वाचक संतापले होते. परंतु तो मृत्यू बरोबरीच्या शत्रूशी झुंजताना आला होता आणि मागे वॉटसनसाठी एक पत्र होते. येथे सत्तावीस वर्षे गुन्ह्यांची उकल करणाऱ्या माणसाच्या वाट्याला धड एक उकलही आली नाही.

प्रद्युम्न लोकांना का आवडला, हे या निमित्ताने आठवले पाहिजे. मालिकेत अतिशयोक्ती भरपूर होती. दरवाजे लाथेने मोडणारा दया, प्रयोगशाळेत पाहता पाहता निष्कर्ष काढणारे डॉ. साळुंखे, सगळेच थोडे भाबडे. (वास्तवात राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचे मुख्यालय मुंबईत नव्हे, पुण्यात आहे. आणि कोणताही सहायक आयुक्त सत्तावीस वर्षे त्याच पदावर राहत नाही. असो.) पण हे सारे घरातील आजीपासून नातवापर्यंत एकत्र बसून पाहता येत असे. शिवीगाळ नाही, गुन्हेगाराचे उदात्तीकरण नाही. गुन्हेगारीकडे वळलेल्या पोटच्या मुलावर, नकुलवर गोळी झाडणारा बाप याच मालिकेत होता. कर्तव्य आणि पुत्रमोह यांचा संघर्ष महाभारत ऐकत वाढलेल्या समाजाला समजावून सांगावा लागत नाही. धृतराष्ट्राला जे जमले नाही, ते एका पोलीस अधिकाऱ्याने करून दाखवले, म्हणूनच तो घराघरांत वडीलधारा ठरला.

या मालिकेला विक्रमी भाग करता येत नव्हता, असेही नाही. ७ नोव्हेंबर २००४ रोजी दाखवलेला १११ मिनिटांचा भाग एकदाही न थांबता, एकाच सलग चित्रणात घेतला होता आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. दिग्दर्शक बी. पी. सिंग हे मूळचे छायाचित्रकार, त्यांनी त्या भागात साऱ्या चमूची कसोटी पाहिली. त्या वेळी जाहिरात झाली ती श्रमाची. २०२५मध्ये जाहिरात झाली ती मृत्यूची.

पात्र मेले, नट नव्हे, असा युक्तिवाद केला जाईल. व्यवहारात तो बरोबरही आहे. परंतु जिवंत माणसाच्या छायाचित्राला कोणी हार घालत नाही, त्याच्या नावामागे 'कै.' लावत नाही. ही अंधश्रद्धा नसून मृत्यूविषयीची अदब आहे. साटम यांचा जन्म २१ एप्रिल १९५०चा. ज्या महिन्यात त्यांच्या अमृतमहोत्सवाचे औक्षण व्हायचे, त्याच महिन्यात त्यांच्या चेहऱ्याखाली समाप्तीचे वर्ष छापले गेले. ५ डिसेंबर २०२३ रोजी याच मालिकेतील फ्रेडरिक्स, म्हणजे दिनेश फडणीस, खरोखर गेले, तेव्हा प्रेक्षक हळहळले होते. तोच हळवेपणा प्रसिद्धीसाठी वापरायचा, तर खऱ्या श्रद्धांजलीला कोणती भाषा उरते?

निरोप द्यायचाच होता तर मार्ग सरळ होता. प्रद्युम्नने सेवानिवृत्त व्हावे, अखेरचे प्रकरण उलगडून सूत्रे अभिजित आणि दयाच्या हाती सोपवावीत, कार्यालयातून बाहेर पडताना एकदा मागे वळून पाहावे. आयुष्याच्या एका टप्प्यावर अधिकार सोडून वानप्रस्थाकडे वळणारा कर्ता पुरुष या मातीला परका नाही. त्या निरोपात डोळे पाणावले असते आणि मनही भरले असते. त्याऐवजी एसीपी आयुष्मान म्हणून पार्थ समथान यांना आणले गेले. नव्या नटाचा यात दोष नाही. स्फोटाच्या धुरातून आत आलेल्या वारसाला घर स्वीकारायला वेळ लागतोच.

त्यानंतर जे घडले त्याने उरलेली रंगतही गेली. प्रेक्षकांचा रोष उसळला आणि काही आठवड्यांतच साटम त्याच भूमिकेत परतले. मुलाने ही बातमीही धावत येऊन सांगितली. पुण्याच्या त्या सद्गृहस्थांना आनंद झाला नाही असे नाही. त्यांनी एवढेच विचारले, "मग त्या दिवशीचं सुतक कुणाचं पाळलं आपण?" मुलगा हसला. ते हसले नाहीत. हल्ली शनिवार-रविवारी त्या वेळेला ते जुने भाग लावतात.