गर्भवतीला एकदा एकांतात विचारा



काही वर्षांपूर्वी उल्हासनगरातील माझ्या दवाखान्यात सहा महिन्यांची एक गर्भवती महिन्याभरात तिसऱ्यांदा आली. झोप नाही, अन्न जात नाही, दंडावर वळ. ‘न्हाणीघरात पाय घसरला,’ असे दर वेळी सोबतच्या सासूबाईच सांगत. मी दोनदा पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. ती माझी चूक. तिसऱ्या वेळी सासूबाईंना बाहेर बसवले, परिचारिकेला जवळ उभे केले आणि विचारले, ‘घरी कुणी हात उगारते का?’ ती बराच वेळ रडली.

छळ केवळ मारहाणीचा नसतो. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात शाब्दिक, मानसिक, लैंगिक आणि आर्थिक छळही मोडतो. अशा गर्भवतीला नैराश्य जडण्याचा धोका वाढतो. बाळ अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे जन्मण्याची शक्यताही वाढते.

तिच्या संमतीनेच मी सासूबाईंशी बोललो. त्या रात्रीपासून सुनेचे अंथरूण त्यांच्या खोलीत आले. मुलाला दटावणारे घरात कुणीतरी आहे, एवढ्यानेही तिला झोप लागू लागली.

प्रत्येक घरी असा आधार मिळत नाही. म्हणूनच 2000 साली वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. रुग्णालयातच समुपदेशन मिळत असल्याने स्त्रीला वेगळे निमित्त शोधावे लागत नाही. गर्भवतीला तर तपासणीला जाण्यापासून सहसा कुणी अडवत नाही. तोच तिचा मोकळा दरवाजा.

ज्येष्ठांनो, तिच्याशी एकांतात बोला. ‘तूच काही बोलली असशील’ असे म्हणू नका. ‘सोसून घे’ असा सल्ला देऊ नका. तिने सांगितलेले तिला न विचारता नवऱ्याच्या कानावर घालू नका. त्याने मार वाढू शकतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ ती उदास असेल, तर डॉक्टरांकडे न्या. मरणाची भाषा केली, तर एक दिवसही थांबू नका आणि तिला एकटी सोडू नका. पोटावर मार बसला, रक्त वा पाणी गेले, बाळाची हालचाल मंदावली, तर तत्काळ मध्यवर्ती किंवा जवळच्या रुग्णालयात न्या.

मदतीसाठी महिला हेल्पलाइन 181, तातडीच्या वेळी 112 आणि मनाच्या आजारासाठी टेलिमानस 14416. हे क्रमांक तिच्याकडून पाठ करून घ्या. फोन हिसकावला गेला, तरी ते तिच्यापाशी राहतील.