यंत्रविचार : डायनॅमोची साखळी कीं पट्टा?

बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कारखान्याची १९५० ते १९६३ या काळांतील ए-१० ही ६४६ सी. सी. ची मोटारसायकल हौशी लोकांनीं आजहि जिवापाड सांभाळलेली आढळते. तिचा लुकास डायनॅमो ६ व्होल्टचा व ६० वॅटचा, म्हणजे जेमतेम १० अँपिअरचा. त्यास फिरविणारी साखळी बंद कप्प्यांत ग्रीजवर चालते. ग्रीज सुकलें म्हणजे ती झिजते व एखादे दिवशीं तुटते. मॅग्नेटो स्वतंत्र असल्यानें एंजिन चालूच राहतें. अँमीटरकडे लक्ष नसल्यास दिवा मंदावेपर्यंत बिघाड कळतहि नाहीं. रात्रीच्या रस्त्यावर हें संकटच होय.

म्हणून कित्येकजण साखळीऐवजीं दांतेरी रबरी पट्टा बसवितात. त्यास वंगण वर्ज्य. म्हणून प्रथम कप्प्यांतील सर्व ग्रीज पुसून काढावें आणि एंजिनांतील तेल तेथें झिरपत नाहीं, याची खात्री करून घ्यावी. दोन्ही चाकें एका रेषेंत हवींत. डायनॅमोचा आंस मध्यापासून किंचित् बाजूस असल्यानें, डायनॅमो जागच्या जागीं वळवून ताण कमीअधिक करतां येतो. पट्टा फार ताणल्यास बेअरिंगवर अकारण भार पडतो. सैल ठेवल्यास दांत निसटतात.

जुन्या यंत्रांत नवा भाग घालणें हें त्याचें रूप बिघडविणें नव्हे काय, असा आक्षेप येईल. आमच्या मतें, जो बदल पुन्हां मूळपदावर आणतां येतो तो जीर्णोद्धारच होय. मात्र काढलेलीं मूळ चाकें तेल लावून, कागदांत गुंडाळून जपून ठेवावींत. पुढील पिढीला तीं पुन्हां बसवावींशीं वाटलीं, तर तीं घरांत असलीं पाहिजेत.