म्हणे

आपल्या भाषेत एक शब्द मोठा सोयीचा आहे : 'म्हणे'. वाक्याच्या शेपटीला तो जोडला, की बोलणाऱ्याची जबाबदारी संपली. "अमक्याची पोरगी पळाली, म्हणे!" कोण म्हणाले? कोणीच नाही, आणि सगळेच.

समजा, आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनात पंधरा वर्षांची मुलगी सांजवेळी घरी परतली नाही. गाव तेलंगणाच्या हद्दीजवळचे. रेल्वे स्टेशन आहे, कोळसा आहे, सिमेंटचा कारखाना आहे, परमुलखातले मजूर आहेत. टपरीवर तासाभरात निकाल लागतो. पोरगी कोलामाची असली तर "त्यांच्यात असेच चालते", कुणब्याची असली तर "त्या परक्या मजुराबरोबर गेली." अब्रूच्या भीतीने बाप ठाण्याची पायरी चढत नाही, आणि तोवर गाडी आदिलाबाद गाठते.

किशोरांच्या गोष्टींत बरे असते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ऐकीव गोष्टीवर विसंबत नाही. सायकल काढतो नि स्वतः पाहून येतो. आपण मोठी माणसे मात्र बसल्या जागी तपास पुरा करतो.

'म्हणे'ची दुसरी तऱ्हा याहून भयंकर. "पोरे पळवणारी टोळी आली, म्हणे," एवढ्यावर १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, जमावाने पाच माणसे ठार मारली. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते ते. पळवलेले मूल एकही नव्हते. भटक्याला चोर ठरवायला पुरावा लागत नाही, वेष पुरतो.

सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी सांगून ठेवले आहे, की मूल हरवल्याची तक्रार आली, की गुन्हा नोंदवायचा आणि पळवून नेले असे धरूनच तपास करायचा. चोवीस तास थांबायचे कारण नाही. १०९८ हा क्रमांकही आहेच.

"पण ती आपल्या पायांनी गेली असली तर?" असे कोणी विचारील. मी म्हणतो, तरीही शोधायचीच. अठराच्या आतल्या पोरीला फूस लावून नेणे हा गुन्हाच आहे. शिवाय ती सापडली, तर तिला याच टपरीवरून घरी जायचे आहे.

तेव्हा वाचकहो, कोणी 'म्हणे' म्हणाले, तर एवढेच विचारा : "तुम्ही पाहिलेत?" पाहिले असेल तर ठाण्यात सांगायला चला. नसेल, तर चहा निवतो आहे, तो प्या.