चाळिशीनंतर कॅमेऱ्यासमोर

गेल्या महिन्यात बचत गटाची बैठक संपली आणि एक मैत्रीण मागे रेंगाळली. वय ४६. मुलगी लग्न होऊन पुण्याला, मुलगा नोकरीला. तिने पर्समधून मोबाइल काढून मला एक मेसेज दाखवला. मालिकेत आईची भूमिका, अनुभवाची गरज नाही, फोटो आणि नोंदणीचे पंधरा हजार आजच भरा! "हसू नकोस हं, पण शाळेच्या नाटकात पहिला नंबर माझाच असायचा," ती म्हणाली.

मला हसू आलं नाही. बी.ए.ला असताना एकांकिकेत काम केलं होतं मी. मग लग्न, सासूबाईंचं आजारपण, मुलांच्या दहावी-बारावी. ते नाटक कुठल्या ट्रंकेत गेलं, मलाच आठवत नाही.

हे वेड हल्लीच का वाढलंय? कारणं आहेत. 'लागिरं झालं जी' साताऱ्याकडे आणि 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापूरला चित्रित झाली, तेव्हा मुंबई आपल्या दाराशी आली. गावच्या हौशी कलाकारांना कामं मिळाली. २०२३ मध्ये 'बाईपण भारी देवा' आला आणि बायका घोळक्याने, नटूनथटून थिएटरात गेल्या. आपल्या वयाच्या बायकांची गोष्टही चालते, हे निर्मात्यांना कळलं आणि आपल्यालाही. शिवाय कॅमेरा आता प्रत्येकीच्या हातातल्या फोनमध्ये आहे.

वय आड येतं म्हणावं, तर इतिहास वेगळंच सांगतो. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा त्यांनी नुकतीच ४३ वर्षं पूर्ण केली होती. डॉ. श्रीराम लागूंनी १९६९ मध्ये, ४२व्या वर्षी, डॉक्टरकी बाजूला ठेवून नाटकाला वाहून घेतलं. पण फाळक्यांच्या घरात सरस्वतीबाई होत्या, हे विसरून कसं चालेल? त्यांनी दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, वर फिल्मला भोकं पाडण्याचं कामही शिकून घेतलं. त्या सिनेमात काम करायला एकही बाई तयार झाली नाही, म्हणून तारामती झाले साळुंके नावाचे पुरुष! आता आपल्यापैकी एखादी ४३व्या वर्षी सिनेमा काढायला निघाली, तर तिच्या घरातली सरस्वतीबाई कोण होणार? खरी अडचण वयाची नाही, ती ही आहे.

तरीही वाट काढलेली बाई आपल्याकडे होऊन गेली. सुमित्रा भावे मूळच्या समाजकार्यातल्या. पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवायच्या, वस्तीतल्या बायकांमध्ये संशोधन करायच्या. ज्यांच्यावर संशोधन करायचं, त्यांनाच ते वाचता येत नाही, हे त्यांना डाचत होतं. त्यातून १९८५ मध्ये 'बाई' हा लघुपट झाला. तेव्हा त्या चाळिशी ओलांडलेल्या होत्या आणि सिनेमाचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे सुनील सुकथनकरांसोबत 'दोघी', 'देवराई', 'अस्तु' आले. 'कासव'ला २०१७ मध्ये सुवर्णकमळ मिळालं, तेव्हा त्या सत्तरी ओलांडून गेल्या होत्या. २०२१ मध्ये त्या गेल्या.

त्यांचंच उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून दोन वर्षांपूर्वी मी आमच्या गटातल्या बायकांना घेऊन फोनवर आठ मिनिटांची फिल्म केली. विषय कर्जाच्या हप्त्यांचा. आवाज नीट आला नाही, शेजारचा मिक्सर मध्येच सुरू व्हायचा. पण एकीने काम इतकं खरं केलं की सगळ्या गप्प झाल्या. नवरा हप्त्याचे पैसे दारूत उडवतो, असं ते बोलणं होतं. कुणीतरी तेवढाच तुकडा व्हॉट्सअॅपवर टाकला. तो तिच्या दिरापर्यंत पोचला. ती बोलली होती ते स्वतःच्याच घरातलं, हे मला तेव्हा कळलं. चार महिने ती बैठकीला आली नाही. मी दोनदा घरी गेले, तिने चहा दिला पण त्याविषयी चकार शब्द काढला नाही. चूक माझी होती. फिल्म कोण बघणार, कुणाच्या फोनमध्ये जाणार, हे तिला आधी सांगून विचारायला हवं होतं. आता पहिलं ते विचारते, मग फोन काढते.

म्हणून मैत्रिणींनो, उत्साहाबरोबर थोडा हिशेबही करू. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. भूमिकेसाठी आधी पैसे मागणारा माणूस भूमिका विकत नाही, आपली इच्छा विकून खातो. मालिकेचा दिवस बारा तासांचा असतो आणि पैसे बहुधा तीन महिन्यांनी हातात पडतात. येण्याजाण्याचा खर्च तोवर पदरचा. कबूल झालेलं सगळं लेखी घ्यावं.

सुरक्षिततेचं काय? केरळात २०१७ मध्ये नेमलेल्या हेमा समितीने २०१९ च्या अखेरीस अहवाल दिला, तो लोकांसमोर यायला ऑगस्ट २०२४ उजाडला. मल्याळी सिनेमात काम करणाऱ्या बायकांची काम मिळवताना होणारी छळवणूक त्यात आहे. सेटवर साधी स्वच्छतागृहं नसतात, हेही आहे. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शूटिंगच्या जागेलाही लागू होतो. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे तक्रार समिती असावीच लागते. नसेल तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. जाण्यापूर्वी "तुमच्याकडे समिती आहे का?" एवढं विचारायला लाजू नये.

आणि सुरुवात मुंबईतच व्हायला हवी असं कुठे आहे? सरकारची हौशी राज्य नाट्य स्पर्धा दरवर्षी आपल्याच भागातल्या केंद्रांवर होते. तिथल्या संघांना आई, आत्या, सासू करणाऱ्या बायका हव्याच असतात. तालमीला संध्याकाळचे दोन तास लागतात. ते दोन तास घरातून मागून घेणं, हीच पहिली परीक्षा.

त्या मैत्रिणीने पंधरा हजार भरले नाहीत. मेसेज पाठवणाऱ्याला आम्ही दोघींनी मिळून फोन केला. निर्मात्याचं नाव विचारल्याबरोबर त्याने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तिला इथल्या नाट्यमंडळाच्या तालमीला घेऊन गेले. तीन ओळींची भूमिका मिळाली आहे, शेजारणीची. संध्याकाळची भाकरी आता तिचा नवरा टाकतो. पहिले आठ दिवस करपली म्हणे, पण खाल्ली सगळ्यांनी.