घरांतील शास्त्र : विजेची परतीची वाट

गेल्या आषाढांत आमच्या घरीं एक लहानसाच प्रसंग घडला. कपडे धुण्याच्या यंत्रास ओला हात लागला कीं झिणझिण्या येतात, अशी तक्रार आमच्या धाकट्या सूनबाईंनीं दोन-तीनदां केली. "पावसाळ्यांत असें व्हायचेंच; पायांत चपला घालून जात जा," असें वडील माणसांनीं सांगितलें; त्या वडील माणसांत आम्हीही होतों. पुढें एके दिवशीं वहिनींस जोराचा धक्का बसला, तेव्हां जाणत्या कारागिरास बोलावणें धाडलें. त्यानें प्लग उघडून दाखविला. पिना तीन होत्या, पण पूर्वीं कोणी लांबवून दिलेल्या वायरींत तारा दोनच! जमिनीकडे जाणारी तिसरी तार नव्हतीच. तें पाहून आमच्या पुतण्यानें विचारलें, "काका, आपल्याकडे एमसीबी आहे ना? मग तो पडला कां नाहीं?" या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक घरांत ठाऊक असावें, असें आम्हांस वाटतें.

तांब्याच्या तारेंत असंख्य इलेक्ट्रॉन मोकळे असतात. तारेच्या दोन टोकांत विजेच्या दाबाचा फरक पडला कीं ते सरकूं लागतात. या सरकण्यास प्रवाह म्हणतात. दाब व्होल्टमध्यें, प्रवाह अँपिअरमध्यें आणि वाटेंतील रोध ओहममध्यें मोजतात. हें समजाविण्यासाठीं गच्चीवरील टाकीचा व नळाचा दृष्टान्त नेहमीं देतात. टाकी उंच तर दाब अधिक, नळी अरुंद तर अडथळा अधिक. दृष्टान्त चांगला आहे, पण एके ठिकाणीं तो लंगडा पडतो. नळाचें पाणी बादलींत पडलें कीं त्याचें काम संपलें. वीज तशी सांडून जात नाहीं. जेथून ती निघाली तेथें परतण्याची वाट असेल तरच ती वाहते. या पुऱ्या वाटेस मंडल म्हणावें. बटण बंद करणें म्हणजे हें मंडल एके ठिकाणीं तोडणें. आपल्या घरांतील प्रवाह सेकंदास ५० वेळां पुढें-मागें झुलतो खरा, पण मंडलाचा नियम त्यासही सुटलेला नाहीं. उघड्या तारेवर चिमणी सुखानें बसते, कारण तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात आणि त्यांच्यामध्यें दाबाचा फरक जवळजवळ नसतो.

दाब, प्रवाह व रोध यांचें नातें गेऑर्ग ओहम या जर्मन शिक्षकानें १८२७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. दाबास रोधानें भागिलें कीं प्रवाह निघतो, एवढाच तो नियम. आपल्याकडे घरगुती दाब २३० व्होल्ट असतो. २,००० वॅटच्या गीझरचा रोध सुमारें साडेसव्वीस ओहम भरतो. म्हणून त्यांतून सुमारें ८.७ अँपिअर प्रवाह जातो. अशा मंडलावर बहुधा १६ अँपिअरचा एमसीबी असतो. प्रवाह त्या मर्यादेबाहेर गेला कीं तो कांहीं वेळानें पडतो, आणि फारच वाढला तर तत्क्षणीं पडतो.

आतां माणसाचें गणित करूं. ओल्या अंगाचा रोध सुमारें १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टनें ०.२३ अँपिअर प्रवाह जाईल. एवढा प्रवाह छातींतून सेकंदभर गेला तरी हृदयाची लय बिघडून प्राण जाऊं शकतो. पण १६ अँपिअरच्या एमसीबीस तो जाणवतही नाहीं! तारा तापून आग लागूं नये, यासाठीं एमसीबीची योजना आहे. माणसाची राखण हें त्याचें काम नव्हे. पुतण्याच्या प्रश्नाचें उत्तर हेंच.

मग वहिनींच्या अंगांतून गेलेली वीज परतली कोणत्या वाटेनें? विजेच्या रोहित्राची न्यूट्रल तार जमिनीस जोडलेली असते. म्हणून ओली फरशी, भिंत व जमीन मिळून परतीची वाट होते. आमच्या यंत्राच्या मोटारीचें आवरण दमटपणानें बिघडून थोडी वीज पत्र्यावर झिरपत होती. ती थोडी होती, म्हणूनच केवळ धक्क्यावर निभावलें. चपलांनीं पायांखालची वाट अवघड होते हें खरें. पण दुसरा हात लोखंडी नळास लागला कीं चपला असून नसून सारख्याच.

तिसऱ्या तारेचें, म्हणजे अर्थिंगचें, महत्त्व येथें कळतें. प्लगची लांब व जाड पिन तिची असते. पत्र्यावर आलेल्या विजेस ती अत्यंत कमी रोधाची वाट देते. वीज केवळ सोप्याच वाटेनें जाते, हा समज मात्र बरोबर नाहीं; ती सर्व वाटांनीं, ज्या-त्या वाटेच्या रोधाप्रमाणें वांटली जाते. तारेचा रोध फार कमी असेल, तर माणसाच्या वांट्यास अगदीं अल्प वीज येते.

याहून नेमका राखणदार म्हणजे आरसीसीबी. तो जाणारा व परतणारा प्रवाह सतत ताडून पाहतो. दोहोंत ०.०३ अँपिअरचा फरक पडला, म्हणजे कांहीं वीज भलत्या वाटेनें परतली, कीं तो क्षणार्धांत मंडल तोडतो. त्यावर तपासणीचें एक लहान बटण असतें; तें मधून मधून दाबून पाहावें. मात्र फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा एकदम हातीं आल्या, तर जाणारा व येणारा प्रवाह सारखाच राहतो आणि हा राखणदारही फसतो.

आमच्या घरीं नवी वायर व आरसीसीबी बसविल्यावर यंत्र लावतांच तो पडला. मोटार दुरुस्त होईपर्यंत यंत्र कोपऱ्यांत राहिलें आणि आठ दिवस धुणें हातांनीं झालें. त्याचें कोणास वाईट वाटलें नाहीं. वाईट वाटलें तें इतकेंच, कीं सूनबाईंनीं पहिल्या दिवशीं सांगितलेलें आम्हीं ऐकिलें नाहीं. घरांतील कोणींही, मग ती मोलकरीण असो कीं लहान मूल, "हात लावला कीं मुंग्या येतात" असें म्हणालें, तर त्याच क्षणीं मुख्य बटण बंद करावें व कारागिरास बोलवावें. चपलांचा सल्ला देऊं नये.