धुतलेल्या रुपयाला ‘यूएनसी’ म्हणू नका

2025 मध्ये चांदी किलोला लाखाच्या पुढे गेली आणि नंतरही चढतच राहिली. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर पालटला आहे. पूर्वी वाचक टांकसाळ विचारत, साच्यातले फरक विचारत. आता नेरूळ, खारघर, पनवेलहून एकच तक्रार येते. ‘यूएनसी’, म्हणजे चलनात न फिरलेला कोरा, म्हणून घेतलेला रुपया विकायला काढला, तर समोरचा सांगतो, “हा धुतलेला आहे, चांदीच्या भावाने द्यायचा तर द्या.”

चांदीचा भाव म्हणजे किती, ते मांडून पाहा. 11.66 ग्रॅमच्या रुपयात 10.69 ग्रॅम शुद्ध चांदी. किलोला एक लाख धरले तर 1,069 रुपये. पंचम जॉर्जच्या 1912 ते 1920 या सालांतल्या बहुतेक रुपयांना दुर्मिळता नाही, त्यामुळे या आकड्याच्या वर मिळणारा प्रत्येक पैसा अवस्थेचा असतो. आणि तीच अवस्था आपल्यातले काही विक्रेते विकण्याच्या आदल्या रात्री रिठ्याच्या पाण्यात आणि टूथपेस्टने घासून संपवतात. भाव वाढल्यावर हा प्रकार वाढला आहे, कारण नवख्या गिऱ्हाइकाला पांढरेफेक नाणे पटकन आवडते.

वाचकांनी तपासायला पाठवलेल्या नाण्यांपैकी एक 1919चा रुपया या क्षणी टेबलावर आहे. पाकिटावर ‘यूएनसी’. दहापटीच्या भिंगाखाली राजाच्या गालावर एकाच दिशेने गेलेले केसासारखे ओरखडे, अक्षरांच्या कोपऱ्यांत अडकलेली पांढरी भुकटी. दिव्याखाली तिरका फिरवला तर उजेड जागचा हलत नाही. कोऱ्या नाण्यावर उजेडाचा पट्टा भिंगरीसारखा फिरतो, कारण ठसा पडताना धातू वाहतो आणि त्याच्या बारीक रेषा पृष्ठभागावर राहतात. डिपमध्ये, म्हणजे चांदी उजळवणाऱ्या द्रावणात, पुन्हा पुन्हा बुडवले की त्या रेषा विरघळतात आणि मग कोणत्याही उपायाने परत येत नाहीत. मागच्या बाजूला तळाच्या फुलाखाली मुंबई टांकसाळीच्या ठिपक्याची जागा इतकी घासली गेली आहे की नाणे मुंबईचे की कलकत्त्याचे, हे खात्रीने सांगता येत नाही. कड पाहिली तर बारा वाजण्याच्या जागी दाते कानशीने नव्याने पाडलेले. हा रुपया कुणाच्या तरी गळ्यातल्या माळेत होता. डाग देऊन लावलेली कडी काढली, खाच भरली, चकाकी आणली आणि कोरा म्हणून विकला. ही शुद्ध फसवणूक आहे, आणि ती करणारे बाहेरचे कुणी नाहीत, आपल्याच प्रदर्शनांत टेबल मांडून बसणारे आहेत.

अमेरिकेतल्या बाजाराने हा प्रश्न आपल्या आधी भोगला. डॉ. विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये 1 ते 70 अंकांची मोजपट्टी मांडली ती 1793 ते 1814 या काळातल्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी. पुढे ती सगळ्याच नाण्यांना लागू झाली. 1986 मध्ये पीसीजीएस आणि 1987 मध्ये एनजीसी या नाण्यांची अवस्था ठरवणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या आणि नाणे सीलबंद डबीत अंकासह मिळू लागले. सॅन फ्रान्सिस्कोचा 1893चा मॉर्गन डॉलर घ्या. टांकसाळीने तो एक लाखच पाडला. झिजलेला असला तरी हजारो डॉलर देतो, पण कोऱ्या अवस्थेत लाखोंच्या घरात जातो. साल तेच, चांदीही तेवढीच. तिथे धुतलेल्या, कडी काढलेल्या, खरवडलेल्या नाण्याला एरवी अंक मिळत नाही. डबीवर ‘डिटेल्स’ लिहिले जाते आणि दोष कोणता, तेही लिहिले जाते. आपण अमेरिकेतून डबी घेतली, अंक घेतले, आणि हा प्रामाणिकपणा तेवढा मागे ठेवला.

मात्र अंकांचे वेड मराठेशाहीतल्या तांब्याच्या शिवराईवर लादू नका. झीज वेगळी आणि अपुरा ठसा वेगळा. न्यू ऑर्लिन्सच्या मॉर्गनवर कानाच्या वरचे केस पाडतानाच कित्येकदा पुसट उठलेले असतात. ती झीज समजली तर नाण्यावर अन्याय होतो. शिवराईत तर साचा मोठा आणि चकती लहान, म्हणून ‘श्री राजा शिव’मधले एखादे अक्षर जन्मतःच चकतीबाहेर राहते. तिथे अंकाऐवजी कोणती अक्षरे पूर्ण आहेत, वजन किती, तांब्यावरचा जुना रंग शाबूत आहे का, हे लिहा. खरवडून गुलाबी केलेल्या शिवराईला आमच्या लेखी संग्राहक मूल्य नाही.

‘मग अवस्था ठरवून घ्यायला नाणी अमेरिकेलाच पाठवू’, असे काही वाचक लिहितात. पुरावशेष आणि कलानिधी कायदा, 1972 नुसार शंभर वर्षे पुरी झालेले नाणे पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. अवस्था ठरवून परत आणायचे आहे, एवढ्याने ही अडचण सुटत नाही. ज्या रुपयाचे लाखो नग आजही सराफाकडे वितळताहेत, तोच रुपया तपासणीसाठी पाठवायला मात्र राष्ट्रीय ठेवा ठरतो! दर नव्या वर्षी आणखी एका सालाची नाणी या कुंपणात जातात. मंदिरातली मूर्ती आणि यंत्रावर कोट्यवधींनी पाडलेला रुपया यांना एकच नियम लावणाऱ्या सरकारने निदान तपासणीपुरती, परत आणण्याच्या हमीवर, सवलत द्यावी. मुद्राशास्त्रीय संस्थांनी ही मागणी लेखी आणि एकत्रितपणे पुढे न्यावी. नुसत्या गप्पांत ती वर्षानुवर्षे विरते आहे.

तोवर घर आपणच साफ करू या. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत नाणी पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवू नका, हिरवा चिकट थर धरतो. तो शुद्ध ॲसिटोनने निघतो, धातूला धक्का लागत नाही. त्यापलीकडे काही करू नका. चांदीवरचा निळा-करडा रंग राहू द्या. आजीच्या पेटीतून निघालेले नाणे विकणाऱ्या कुटुंबाला आधी सांगा, “काकू, पुसू नका, आहे तसेच आणा.”

पुढच्या अंकापासून या मासिकात विक्रीच्या जाहिरातीसाठी नियम बदलत आहेत. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे छायाचित्र, वजन, आणि ‘धुतलेले’, ‘कडी काढलेले’, ‘खाच भरलेले’ यांपैकी जे असेल ते स्पष्ट लिहिणे बंधनकारक राहील. खोटी नोंद सिद्ध झाली, तर त्या विक्रेत्याची जाहिरात पुन्हा घेतली जाणार नाही, मग तो आमचा कितीही जुना वर्गणीदार असो.