टाऊन हॉल कोणाचा?

जबलपूरचा टाऊन हॉल ब्रिटिश सत्तेच्या दिमाखासाठी बांधला गेला; त्याला इतिहास दिला तो जनतेने. 1922 मध्ये या इमारतीवर राष्ट्रीय ध्वज चढला आणि त्याचे पडसाद ब्रिटिश संसदेत उमटले. पुढील वर्षी ध्वज मिरवणाऱ्या पंडित सुंदरलालांना तुरुंगात जावे लागले, आणि हाच झेंडा सत्याग्रह 1 मेपासून नागपुरात पेटला. स्वातंत्र्यानंतर ही वास्तू गांधी भवन झाली, तेथे महापालिकेचे वाचनालय आले. जुन्या इमारतीचा याहून योग्य उपयोग कोणता?

जानेवारी 2016 मध्ये पुणे, सोलापूर यांच्यासह जबलपूर 'स्मार्ट सिटी'च्या पहिल्या वीस शहरांत निवडले गेले. मार्च 2025 मध्ये त्या योजनेची मुदत संपली. आता देखभालीचा खर्च कोण करणार, आणि त्या निमित्ताने वास्तू ठेकेदाराच्या हाती तर जाणार नाही ना, हा खरा प्रश्न आहे.

मुंबईचा अनुभव कटू आहे. 1991 च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग शहराच्या मोकळ्या जागांसाठी आणि तितकाच घरांसाठी मिळावयाचा होता. 2001 च्या दुरुस्तीने हा हिशेब केवळ रिकाम्या जमिनीपुरता उरविला. लोअर परळला फिनिक्स गिरणीची चिमणी राहिली आहे, मॉलच्या आवारात, शोभेपुरती!

म्हणून टाऊन हॉल महापालिकेच्याच ताब्यात राहिला पाहिजे, वाचनालयातील पदे कायम असली पाहिजेत आणि शहरातील कोणतीही सार्वजनिक वास्तू भाडेपट्ट्याने देण्यापूर्वी तिचा करारनामा नागरिकांसमोर ठेवला पाहिजे.